उबुंटू टाकताना 'इरेज डिस्क' भलत्याच डिस्कवर चाललं: डी आणि ई परत मिळतील का?

तिसरा_विभाग:
२५६ जीबी एसएसडीवर विंडोज १०, शेजारी १ टीबी हार्ड डिस्क. तिच्यावर एनटीएफएसचे (विंडोजची फाइल सिस्टिम) दोन ड्राइव्ह होते: आधी डी, सुमारे ५०० जीबीचा, आणि उरलेल्या जागेत ई. 'समथिंग एल्स' (स्वतः विभाग निवडायचा पर्याय) सोडून 'इरेज डिस्क' निवडलं गेलं, तेही हार्ड डिस्कवर. उबुंटू पूर्ण बसलं, एकदा सुरू करून दहा मिनिटांत बंद केलं. आता तिथे बूटसाठीचा छोटा ईएफआय विभाग आणि बाकी सगळा एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) आहे. बॅकअप नाही. टेस्टडिस्कने (हरवलेले विभाग शोधणारं टूल) जुना पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या विभागांची यादी, 'राइट' केला की काम होईल ना?

ब्लॉक_४०९६:
'राइट' सध्या नको. टेबल परत आला तरी खालचा पुसलेला डेटा येत नाही, आणि विंडोजने त्यावर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवलं तर उरलंसुरलंही विस्कटेल.

त्याआधी एक गोष्ट: ते उबुंटू पुन्हा सुरू करू नका. एक्स्ट४ फॉरमॅट करताना आयनोड (फाइलींची माहिती ठेवणाऱ्या नोंदी) टेबल लगेच पुसले जात नाहीत. माउंट झाल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) ते मागच्या मागे शून्यांनी भरत बसतो. दर १६ केबीला २५६ बाइटचा एक आयनोड, म्हणजे १ टीबीवर जवळपास १५ जीबी, तेही डिस्कभर पसरलेले. दहा मिनिटांत थांबलात हे बरं झालं.

लाइव्ह यूएसबीवरून बूट करा आणि डीडीरेस्क्यू या टूलने पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत, एका फाइलमध्ये) घ्या. मॅप फाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, नाहीतर मध्ये थांबलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढचं सगळं इमेजवर.

तिसरा_विभाग:
इमेज दुसऱ्या १ टीबीच्या डिस्कवर मावेल?

ब्लॉक_४०९६:
नाही. फाइल सिस्टिमलाही जागा लागते, शिवाय काढलेल्या फाइली ठेवणार कुठे? २ टीबी घ्या, फॅट३२ सोडून काहीही चालेल (तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा). यूएसबी ३ वर तीनेक तास लागतील, यूएसबी २ वर रात्रभर.

हेक्सवाला:
माझ्या मते ई बराचसा नावांसकट मिळेल, डी अवघड. एनटीएफएसमध्ये फाइलींची नावं आणि पत्ते एमएफटीत असतात, आणि ते सहसा ड्राइव्हच्या सुरुवातीपासून ३ जीबीवर सुरू होतं. डीचं एमएफटी म्हणजे नेमकं जिथे उबुंटूचं लिखाण पडायची भीती जास्त. ईचं त्याच्या ५०० जीबी पुढे. शिवाय एनटीएफएस बूट सेक्टरची (ड्राइव्हची मूळ माहिती असलेला पहिला सेक्टर) प्रत ड्राइव्हच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतो, त्यामुळे सुरुवात गेली तरी हद्द सापडते.

टेस्टडिस्कला इमेज द्या, टेबलचा प्रकार 'ईएफआय जीपीटी', मग 'अॅनालाइज', 'क्विक सर्च', नाही सापडलं तर 'डीपर सर्च'. जुने एनटीएफएस नव्या एक्स्ट४ च्या हद्दीत येतात म्हणून यादीत तक्रार दिसेल, ती सोडून द्या. ओळीवर 'पी' दाबा. फोल्डर दिसले तर 'ए'ने सगळे निवडा आणि मोठ्या 'सी'ने कॉपी करा. लहान 'सी' फक्त कर्सरखालचं उचलतो, इथे बरेच जण फसतात.

रिकामा_सेक्टर:
थोडी दुरुस्ती. एक्स्ट४ वरच्या पातळीवरचे फोल्डर मुद्दाम लांब लांब ठेवतो, त्यामुळे ईलाही थोडे ओरखडे असतील. कॉपी झालेल्या मोठ्या फाइली उघडून पाहा. नाव आणि आकार बरोबर असूनही आतलं उबुंटूचं निघू शकतं.

डीसाठी फोटोरेक हे टूल. तो फाइलींच्या आतल्या खुणा बघतो, म्हणून नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, आणि तुकड्यांत पडलेले मोठे व्हिडिओ अर्धवट येतात. फाइल ऑप्शनमध्ये हवे तेवढेच प्रकार ठेवा, नाहीतर ब्राउझर कॅशच्या हजारो चित्रांत शोधत बसाल.

हे सगळं हार्ड डिस्कपुरतं. हाच प्रकार एसएसडीवर झाला असता तर एक्स्ट४ फॉरमॅट करतानाच ट्रिम (हे ब्लॉक आता नकोत असा डिस्कला दिलेला हुकूम) जाऊन सहसा नुसते शून्य हाती आले असते. काही एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्कही ट्रिम पाळतात, तेव्हा मॉडेल नंबर इथे टाका.