मदत हवी आहे : आई-बाबांना बुफेसाठी पुण्यात कुठे न्यावं?

कोथरूड, डेक्कन, सेनापती बापट रस्ता या भागात आई-बाबांना दुपारच्या बुफेला न्यायचं आहे. दोघंही सत्तरीच्या पुढचे. बाबांना मधुमेह, आई शुद्ध शाकाहारी आणि तिचे गुडघे दुखतात. नुसती नावं नकोत, पुढचं माहीत असेल तर सांगा.

शाकाहारी काउंटर पूर्ण वेगळा आहे का? पनीर आणि चिकन शेजारी ठेवलं की डाव अदलाबदल होतात आणि मग आई दहीभात खाऊन उठेल. फुलके तव्यावरून गरम आणून देतात का? झाकून रचलेली नान वाफेने चिवट होते, कवळीला झेपत नाही. बाबांची गोळी जेवणाआधीची, त्यामुळे सांगितलेल्या वेळेला वाढप सुरू व्हायलाच हवं. उशीर झाला तर साखर उतरते. काउंटरजवळचं, हाताची खुर्ची असलेलं टेबल आधी फोन करून मिळतं का?

दर सांगताना करासकट सांगा. खोलीभाडं 7,500 रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर 18 टक्के जीएसटी लागतो, साध्या रेस्टॉरंटमध्ये 5. म्हणजे 1,200च्या तीन ताटांचे एकीकडे 4,248, दुसरीकडे 3,780. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. तो सांगितल्यावर निमूट काढतात का, की आई-बाबांसमोर वाद घालावा लागतो?

रविवारची गर्दी नको, मधला वार चालेल. ज्येष्ठांना कुठे सवलत आहे का?