आवडती गाडी आणि तिचे नखरे : अनुभव धागा

कुणाला एका सिलेंडरची धडधड आवडते, कुणाला चार सिलेंडरचा चढत जाणारा सूर, तर कुणाला छप्पर उघडं टाकून पळवायची हलकी कार. आवडीवर वाद नकोच. जी गाडी आवडते ती सांभाळायला काय लागतं, ते मात्र नेमकं लिहा : माप किती, कुठलं सील आधी जातं, कशामुळे जातं. ‘भन्नाट पळते’ एवढ्यावर थांबू नका. गाडी उघडून बसलेल्या माणसाला त्या क्षणी उपयोगी पडेल असं लिहा.

*

ओतीव लोखंडी इंजिनाची, पॉइंट्सवाली (ठिणगीची वेळ ठरवणारे, उघडझाप होणारे संपर्क असलेली) जुनी बुलेट ३५०. बोअर (सिलेंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, म्हणजे ३४६ सीसी. स्ट्रोक लांब आणि फ्लायव्हील जड, त्यामुळे वेग पार खाली आला तरी वरच्या गिअरमध्ये ती ओढत राहते. या गाडीचं सगळं सुख त्यातच आहे.

किक मारताना ताकदीपेक्षा पिस्टन कुठे आहे याला महत्त्व. चावी फिरवा, किक हळूहळू दाबत जा आणि अ‍ॅमीटरचा काटा बघा. पॉइंट्स मिटलेले असताना काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मधोमध येतो. मधोमध आला म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याशी आहे. आता डीकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) ओढून किक जराशी पुढे न्या, लिव्हर सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि अंगाचा भार देत खालपर्यंत एकच सलग किक मारा. अर्ध्यात सोडलेली किक उलटी येते आणि घोट्याला लागते. पॉइंट्सची गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर.

टॅपेट (व्हॉल्व उघडणाऱ्या यंत्रणेतली फट) इंजिन पूर्ण गार असतानाच बघायचे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर आणा आणि टॅपेटचं कव्हर काढा. इथे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लागत नाही. पुशरॉड (व्हॉल्वकडे जाणारी दांडी) दोन बोटांत धरून फिरवा : तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. चेकनट आवळताना सेटिंग हमखास सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा फिरवून बघा. टकटक नको म्हणून टॅपेट घट्ट ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय. गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्वची कड जळते आणि गरम गाडी किकला दाद देईनाशी होते. थोडी टकटक खुशाल असू द्या.

*

टू-स्ट्रोक. यामाहाच्या आरएक्स १०० चं इंजिन जेमतेम ९८ सीसीचं आणि ताकद ११ अश्वशक्ती, पण क्रँकच्या (पिस्टनची वरखाली हालचाल फिरती करणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेरीला स्फोट होत असल्यामुळे मनगट वळवलं की गाडी लगेच पुढे झेपावते. दुसऱ्या कुठल्याच इंजिनात ही चपळाई सापडत नाही.

तिच्यात ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप आपोआप ऑइल सोडतो. ही टाकी एकदा जरी कोरडी पडली तर नुसती भरून गाडी काढू नका, नळीत हवा अडकलेली असते. पंपाचा ब्लीड स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळा. पंप काढून टाकून मिक्सवर चालवणाऱ्यांसाठी हिशेब सोपा : ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलि, ४०:१ म्हणजे २५ मिलि. ऑइल जास्त घातल्याने इंजिन जास्त सुरक्षित होतं हा गैरसमज आहे. तेवढ्या पेट्रोलची जागा ऑइल घेतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि वर कार्बन साचतो.

सीझ होण्याचं कारण बहुतेक वेळा ऑइल नसून हवा असते. क्रँकच्या मॅग्नेटकडच्या बाजूचं सील कडक झालं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. खूण अशी : रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही, वरच रेंगाळतं. हे दिसल्यावर कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसू नका, आधी सील बदला. क्लचकडचं सील गेलं तर उलटा प्रकार होतो. गिअर ऑइल आत खेचलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप उतरत जाते.

गाडी मंदावली की आधी सायलेन्सरचा बॅफल (आतली नळी) बाहेर काढा. कॉस्टिक सोड्यात बुडवला की कार्बन सुटतो, फक्त सोडा अ‍ॅल्युमिनियमला लागू देऊ नका, ते खाल्लं जातं. एक्झॉस्ट पोर्ट खरवडायचा तर पिस्टन वर आणून पोर्ट झाका, म्हणजे खपल्या सिलेंडरमध्ये पडत नाहीत. खरवडायला लाकडी पट्टी वापरा. स्क्रूड्रायव्हर पिस्टनवर ओरखडा काढतो.

*

वरच्या टू-स्ट्रोकमध्ये एक भर. रीड व्हॉल्वच्या (इंजिनात जाणारं मिश्रण उलटं येऊ न देणाऱ्या झडपेच्या) पात्या उजेडासमोर धरा. पाती बसते त्या जागेतून उजेडाची रेघ दिसली किंवा पातीचा कोपरा उडालेला असला, तर गाडी सहज चालू न होणं आणि आयडल न धरणं हे दोन्ही तिथूनच येतं.

*

माझी आवड आवाजाची, आणि आवाज ठरतो क्रँकवर. दोन सिलेंडर शेजारी-शेजारी असले तरी क्रँकपिनचा कोन बदलला की गाडीच वेगळी वाटते. जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये ३६० अंश, म्हणून स्फोट समान अंतराने होतात आणि सूर एकसारखा लागतो. १८० अंशांमध्ये दोन स्फोट जवळ-जवळ आणि मग मोठी उसंत. २७० अंशांमध्ये अंतरं २७० आणि ४५० अंशांची, म्हणजे ९० अंशांच्या व्ही-ट्विनला (दोन सिलेंडर ‘व्ही’ आकारात) असतात अगदी तीच. यामाहाच्या टीआरएक्स ८५० ने १९९५ मध्ये ही वाट धरली आणि आज बऱ्याच पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलेंडरवाल्या) तिकडेच वळल्या आहेत. यामाहाच्याच २००९ च्या आर१ मध्ये क्रॉसप्लेन क्रँक आला तो चार सिलेंडरमध्ये, अंतरं २७०, १८०, ९०, १८०. ऐकताना व्ही-फोर वाटते ती त्यामुळेच.

डुकाटी आवडत असेल तर तिच्या डेस्मो व्हॉल्वयंत्रणेचा खर्च धरून चाला. व्हॉल्व स्प्रिंगने न मिटता दुसऱ्या रॉकरने मिटतो, म्हणून प्रत्येक व्हॉल्वला दोन शिम (फट जुळवायच्या चकत्या) आणि दोन मापं. उघडणारं माप बरोबर आणि मिटणारं सैल असं असेल, तर गार इंजिन नीट चालू होत नाही आणि तो दोष लोक इंधनावर ढकलतात. बेल्टवाल्या इंजिनाचा बेल्ट गाडी उभी असली तरी जुना होतो. नुसते किलोमीटर बघू नका, वर्षंही मोजा.

*

सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलण्याआधी सस्पेन्शनचा सॅग (वजनाने गाडी किती खाली बसते ते) मोजा. मोटरसायकल बदलल्यासारखी वाटते आणि हत्यार लागतं ते फक्त मोजपट्टी. सोबत दोन माणसं हवीत.

मागचं चाक जमिनीवरून उचला आणि अ‍ॅक्सलपासून सरळ वर शेपटीवरच्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी चाकांवर टेकवून तेच माप घ्या. शेवटी चालवणाऱ्याने हेल्मेट-जाकिटासह, पाय फुटरेस्टवर ठेवून बसावं आणि तेच माप पुन्हा घ्यावं. सील आणि बेअरिंगच्या घर्षणामुळे आकडा फसवतो, म्हणून एकदा सीट दाबून हळू सोडल्यावर आणि एकदा उचलून हळू सोडल्यावर मोजा, मग सरासरी काढा. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स मोटरसायकलला पहिल्या आणि शेवटच्या मापातला फरक ३० ते ४० मिलिमीटर असावा.

आता गोंधळाची जागा. प्रीलोड (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणं) वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. माणूस बसल्यावरचा सॅग बरोबर आला, पण मोकळी गाडी स्वतःच्या वजनाने अजिबात खाली बसत नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. तिला प्रीलोडने कसंबसं वर धरलंय. मोकळी गाडीच खूप खाली बसत असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक. पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं, पण कागदावर दोन स्प्रिंगा काढून बघा, पटेल.

*

कारमध्ये आवड हलकेपणाची. माझदाची १९८९ ची पहिली एमएक्स-५ हजार किलोच्या आत बसते आणि इंजिन १.६ लिटरचं. ताकद बेताची असल्यामुळे वळणाच्या आधी गमावलेला वेग परत मिळायला वेळ लागतो, म्हणून चालवणारा आपोआप नीट चालवायला शिकतो.

टाच-अंगठा इथेच शिकावा. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवा, क्लच दाबा, खालचा गिअर टाका आणि पायाची उजवी कड अ‍ॅक्सिलरेटरवर टेकवून इंजिनाला झटकन एक रेस द्या, मग क्लच सोडा. शिकताना ब्रेकचा दाब कमी-जास्त होतो, चूक नेहमी तीच. म्हणून आधी उभ्या गाडीत, मग मोकळ्या सरळ रस्त्यावर.

विकत घेताना इंजिनाआधी छपराच्या पाण्याच्या वाटा बघा. सीटच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं असतात. तिथे पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पत्र्याच्या पोकळीत (सिलमध्ये) उतरतं आणि पत्रा आतून कुजतो. हळूहळू पाणी ओतून बघा. मागच्या चाकाच्या पुढे खाली थेंब पडले पाहिजेत. बुजलेलं भोक नायलॉनच्या जाड दोरीने मोकळं करा. टोकदार तारेने आतली नळी फाटते.

*

पोर्शेची ९११, त्यातही हवेने थंड होणारी, म्हणजे १९९८ पर्यंतची. इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लटकलेलं, म्हणून वळणातून बाहेर पडताना मागच्या टायरांची पकड अफाट. पण वळणाच्या मध्यात घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर झुलतं. ब्रेक सरळ रेषेत लावून संपवा, शेवटचा थोडासा दाब आत शिरताना हळूहळू सोडा, म्हणजे पुढची चाकं चावतात, आणि मग अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा धरा. वेग जास्त झालाच तर पाय उचला, पण झटक्याने उचलू नका.

ऑइल बघायची रीत वेगळी आहे. ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत) असल्यामुळे इंजिन पूर्ण गरम, सपाट जागा आणि इंजिन आयडलवर चालू असतानाच डिपस्टिक काढायची. गार, बंद इंजिनात पातळी कमी दिसते. ती बघून ओतलं की गरम झाल्यावर ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं आणि मागे धुराचा लोट. ९९३ च्या (हवेने थंड होणाऱ्या शेवटच्या पिढीच्या) आधीच्या गाड्यांना व्हॉल्वची गॅप हाताने लावावी लागते, गार इंजिनात ०.१० मिलिमीटर.

*

रोटरी. माझदाची १३बी : पिस्टनऐवजी दोन रोटर (तीन बाजूंचे फिरते भाग), प्रत्येकी ६५४ सीसी. चार रोटरच्या इंजिनाने माझदाने १९९१ मध्ये ले मान्स जिंकलं. ती गुळगुळीत, थांबायचं नाव न घेणारी चढण एकदा आवडली की पिस्टनचं इंजिन खडबडीत वाटतं.

ऑइल खाणं हा हिचा दोष समजू नका. एपेक्स सीलला (रोटरच्या कोपऱ्यांवरच्या सीलला) वंगण मिळावं म्हणून पंप मुद्दाम आत ऑइल सोडतो. पेट्रोल भरताना दर वेळी डिपस्टिक बघा. गार गाडी दोन मीटर सरकवून लगेच बंद करू नका, प्लग ओले होतात आणि ती पुन्हा चालू होत नाही. झालंच तर इंधन पंपाचा फ्यूज काढा, प्लग काढा, स्टार्टर काही सेकंद फिरवून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या, प्लग कोरडे करून बसवा. प्रत्येक रोटरला लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन प्लग असतात; वायरी सोडण्याआधी खुणा करा.

साध्या गेजवर कॉम्प्रेशन बघून घेतलेली रोटरी फसवते. गेजमधला व्हॉल्व सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, रोटरच्या बाकीच्या दोन बाजू लपतात. तो व्हॉल्व काढून टाका आणि काटा बघा : तीन समान उड्या आल्या पाहिजेत. एक उडी बुटकी असेल तर त्या बाजूचं सील गेलं.

*

गाडी कुठलीही असो, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलाच. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलावा शोषल्यावर किमान १५५. सलग उतारावर पेडल खोल जातं ते त्यामुळे. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते यात मिसळू नका, डॉट ५.१ चालतं.

नवे पॅड बसवल्यावर १०० च्या वेगावरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक लावा, पण गाडी पूर्ण थांबवू नका. मग पाच-दहा मिनिटं ब्रेक न लावता चालवून डिस्क निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी छापला जातो, नंतर ब्रेक थरथरतात आणि डिस्क वाकली असं समजून लोक ती फेकून देतात. त्या डिस्कवर बोट फिरवून बघा, पॅडच्या आकाराचा डाग बहुतेक वेळा डोळ्यांनाही दिसतो.