सुरू करताना रोज डी ड्राइव्हची तपासणी: बंद करावी की डिस्क बदलावी?

कीबोर्डकर:
डेस्कटॉप, विंडोज १०. सी २४० जीबीच्या एसएसडीवर, डी १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. मशीन चालू केले की रोज काळ्या पडद्यावर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी’ येते, मग विंडोज नीट उघडते. डीवर घरचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली आहेत. ही तपासणी कायमची बंद कशी करायची?

बिटबाइट:
आधी फोटो आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवा, बाकीचे नंतर.

तपासणी एवढ्यात बंद करू नका, विंडोज ती उगाच लावत नाही. प्रत्येक व्हॉल्यूमवर (सी, डी असा एकेक ड्राइव्ह) ‘डर्टी बिट’ नावाची खूण असते. लिहिणे अर्धवट राहिले किंवा फाइलींच्या नोंदींत विसंगती दिसली की ती लागते, आणि दुरुस्ती पुरी झाली की निघते. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘एफएसयूटिल डर्टी क्वेरी डी:’ चालवा. तपासणी होऊन गेल्यावर लगेचही डर्टी दाखवत असेल, तर दुरुस्ती पुरी होत नाहीये. डर्टी नसेल आणि तरी रोज तपासणी होत असेल, तर कुणीतरी ती आगाऊ लावून ठेवलेली असू शकते. ‘सीएचकेएनटीएफएस /डी’ दिले की सुरू होतानाच्या तपासणीची सेटिंग मूळ स्थितीत येते, फाइलींना धक्का लागत नाही.

मग इव्हेंट व्ह्यूअर बघा. ॲप्लिकेशन लॉगमध्ये ‘विनइनिट’ची १००१ ही नोंद म्हणजे तपासणीचा पूर्ण अहवाल. सिस्टिम लॉगमध्ये ‘डिस्क’ ७ म्हणजे खराब ब्लॉक, ‘एनटीएफएस’ ५५ म्हणजे फाइल रचनेत बिघाड, ‘कर्नल-पॉवर’ ४१ म्हणजे मशीन नीट बंद न होता गेले. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममधले ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ (वाचताना अडकणारे सेक्टर), सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) आणि सी७ (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) हे चार आकडेही इथे टाका.

तांब्याची_तार:
सी७ वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते, दोष सॅटा केबलचा किंवा सैल कनेक्टरचा. हा आकडा कधीच कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा, केबल बदला आणि काही दिवसांनी परत बघा. थांबला तर काम झाले.

४१ च्या नोंदी वीज जाण्याच्या वेळांशी जुळत असतील तर यूपीएसची बॅटरी तपासा. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत थकते. दिवा हिरवा दिसतो, पण वीज गेली की मशीन त्याच क्षणी बंद.

उबुंटूवाला:
याच मशीनवर लिनक्सही असेल तर फास्ट स्टार्टअप बंद करा: ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. ते चालू असताना विंडोज पुरते बंद होत नाही. तशा अवस्थेत लिनक्समधून डीवर लिहिले की नोंदी बिघडतात.

कीबोर्डकर:
लिनक्स नाही, ४१ नाही. ०५ शून्य, सी५ १८, सी६ शून्य, सी७ शून्य. सिस्टिम लॉगमध्ये ‘डिस्क’ ७ बऱ्याच वेळा. तपासणीनंतरही डर्टीच. चेकडिस्क /आर चालवू का?

बिटबाइट:
नको. क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ आकडे १६ च्या पायावर दाखवते, म्हणजे तुमचे १८ हे खरे २४. इतके सेक्टर वाचताना अडकत आहेत आणि सोबत ७ च्या नोंदी आहेत, म्हणजे डिस्कच मरायला टेकली आहे. /आर अख्खी डिस्क तासन्‌तास वाचते. मरत्या डिस्कला तेवढा ताण देऊ नये, नकल व्हायच्या आत तर नाहीच.

नकल करायला विंडोजचीच कमांड ‘रोबोकॉपी डी:\फोटो ई:\फोटो /ई /आर:१ /डब्ल्यू:१’ वापरा (ई: म्हणजे तुमची दुसरी डिस्क), हिशेबाचा फोल्डर सगळ्यांत आधी. शेवटचे दोन पर्याय विसरू नका, नाहीतर रोबोकॉपी एकेका अडकलेल्या फाइलीवर ३० सेकंद थांबत दहा लाख वेळा प्रयत्न करते. डीवर फाउंड.००० हा लपवलेला फोल्डर असेल तर तोही घ्या, तपासणीत सुटे पडलेले तुकडे त्यात जातात.

नकल होईपर्यंत मात्र तपासणी थांबवणेच बरे: ‘सीएचकेएनटीएफएस /एक्स डी:’. याने खूण निघत नाही, फक्त सुरू होताना डी वगळला जातो. नवी डिस्क लावली की ‘सीएचकेएनटीएफएस /डी’ देऊन हे मागे घ्या.

तांब्याची_तार:
रोजच्या कामाला १ टीबीची सॅटा एसएसडी घ्या, आणि फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क बदलताना सॅटा केबलही नवीच लावा.