विषय: हेदरची जांभळी झुडपं फुललीत, सायकल इतक्यात शेडमधे टाकू नका

नमस्कार मंडळी,

सगळे गणपतीच्या तयारीत आहात माहितीय तरी विचारते. यंदा नेदरलँड्समधला पहिलाच उन्हाळा, आणि सायकल चालवायची इतकी सवय लागलीय की आता सप्टेंबरची गार हवा सुटली तर जीव खट्टू होतोय. ऑफिसमधे सगळे म्हणतात आता सायकल पानगळीसाठी तयार करून घे, म्हणजे नेमकं काय करायचं? दुकानात द्यावीच लागते का? आणि या शनिवारी मुलांना घेऊन जाण्यासारखं काही सुचवा ना.

- उट्रेख्टहून

---

ताई,

इतक्यात कसली शेड, माझ्या मते तर सायकलिंगचे सगळ्यात सुंदर दिवस आत्ता सुरू झालेत. उकाडा गेला, फीट्सपाडवर (सायकलच्या रस्त्यावर) सुट्टीची गर्दी नाही, आणि सूर्य अजून आठनंतर मावळतोय म्हणजे ऑफिसातून येऊनही तासभर आरामात फिरता येतं. शनिवारी बिनधास्त होखे वेलुवे नॅशनल पार्कला जा. हेदर ऑगस्टच्या मध्यापासून फुलते आणि सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ओसरायला लागते, त्यामुळे पुढे ढकलू नका. ऑटरलो गावाकडच्या गेटमधून आत गेलं की आधी जंगल लागतं, मग झाडं एकदम संपतात आणि नजर जाईल तिथपर्यंत जांभळं माळरान. मुलांना जरा खाली वाकून बघायला सांगा, एकेका काडीवर तांदळाच्या दाण्याएवढी फुलं आणि त्यांच्यावर मधमाश्यांची झुंबड.

सायकली न्यायचीही गरज नाही, पार्कचं तिकीट काढलं की गेटवर पांढऱ्या सायकली फुकट मिळतात, लहान मुलांच्या आणि चाइल्ड सीटवाल्यापण असतात. पेडल उलटं मारून ब्रेक लावायचा असतो तेवढं मुलांकडून गेटपाशीच करवून घ्या. क्रोलर-म्युलर हे चित्रांचं म्युझियम पार्कच्या आतच आहे, पाय दुखले की व्हॅन गॉग बघत बसा.

आता तयारीचं. बरंचसं घरी होतं, एक रविवारची सकाळ पुरते. आपल्याकडे जूनच्या पावसाआधी सायकल ऑइलिंगला देतात ना, तेच इथे सप्टेंबरात करायचं. सुरुवात चेनपासून करा कारण उन्हाळ्यातली वाळू जुन्या तेलात बसून काळा लगदा झालेला असतो आणि त्यावरच नवीन तेल ओतलं तर ती वाळू चेन आणि दातेरी चाक दोन्ही खाते. डिग्रीझर (तेलकट मळ काढायचं द्रावण) लावा, जुन्या कापडात चेन धरून पेडल उलटं फिरवत राहा (उलट्या पेडलचा ब्रेक असेल तर मागचं चाक उचलून सुलटं फिरवा), कापड काळं यायचं थांबलं की पुरे. वाळल्यावर प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब तेल, रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं तेल पुसून टाका. पुसायचा कंटाळा करू नका, बाहेर राहिलेल्या तेलाला फक्त कचरा चिकटतो. ओमाफीट्ससारखी (इथली जुन्या धाटणीची सायकल) पूर्ण झाकलेली चेन असेल तर मात्र सरळ फीट्सेनमाकरकडे, म्हणजे सायकल दुरुस्तीवाल्याकडे द्या आणि लवकर द्या, ऑक्टोबरात सगळ्यांना एकदमच आठवण होते.

मग टायर. हवा थोडी काढून रबर दाबून दाबून बघा, बारीक काचा रुतलेल्या असतात, सुईने उकरून काढा. ओल्या रबरात काच पटकन घुसते म्हणून पावसाआधीच हे करायचं. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजून गायब झाल्या असतील तर रबरं बदला.

- आर्नेमचा काका

---

काकांनी सगळं मस्त सांगितलंय, मी फक्त लाइटचं कळकळीने सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि एकदम सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिस सुटताना काळोख. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, आणि लुकलुकणारा चालत नाही, कायदाच आहे. क्लिपचे लाइट जॅकेटला लावलेले चालतात पण बॅकपॅकवर लावून वरून रेनकव्हर चढवलं की मागच्याला काही दिसत नाही, हे मी रोज संध्याकाळी बघतो आणि खरंच काळजी वाटते.

आणि ओली पानं! वळणावर ब्रेक दाबू नका, वळायच्या आधीच वेग कमी करा. पानांखाली ट्रामचे रूळ असले तर होता होईल तेवढं काटकोनात ओलांडा.

- रॉटरडॅमहून

---

दोघांचे खूप आभार! मुलं आत्तापासूनच पांढऱ्या सायकलींवरून भांडतायत. काका, तेल कुठलं घेऊ, दुकानात ड्राय आणि वेट असं दोन्ही लिहिलेलं आहे. आणि आमची सायकल ट्रेनमधे नेता येईल का?

---

ताई, आता वेट घ्या, पावसात टिकतं. ड्राय लवकर धुऊन जातं, ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकायला लागले की चेन साध्या पाण्याने धुऊन परत तेल द्या, नाहीतर आठवड्यात गंज धरते.

ट्रेनला सायकलचं वेगळं तिकीट लागतं, वीकेंडला दिवसभर नेता येते, आठवड्यात सकाळी ६:३० ते ९ आणि दुपारी ४ ते ६:३० नाही. एडे-वागेनिंगेन स्टेशनला उतरलात तर ऑटरलो दहा-बारा किलोमीटर, रस्ता सुरेख आहे. आम्ही दोघं शनिवारी १० वाजता स्टेशनबाहेर थांबतो, अजून कोणी येत असेल तर शुक्रवारपर्यंत इथेच कळवा. पंप आणि पंक्चरचं सामान माझ्याकडे असेल, डबे आपापले आणा.

- काका