१९६१ ला मुरगावात लढलेली 'बेतवा' आणि आजची 'बेतवा' एकच का?

फोंडेकरीण
माझा मुलगा आठवीत आहे. १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनासाठी शाळेत तक्ता लावायचाय आणि त्याने विषय घेतलाय मुरगाव बंदरातली समुद्री लढाई. त्याच्या पणजोबांनी त्या दुपारी दोना पावलाहून पलीकडचा धूर पाहिला होता, घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पोर्तुगिजांच्या 'आफोंसो द आल्बुकेर्क'वर आपल्या 'बेतवा' आणि 'बियास'ने तोफा डागल्या, इथपर्यंत सगळं जुळतं. पण फोटो शोधायला बसलो तर 'बेतवा' नौदलात दाखल झाली ७ जुलै २००४ ला आणि 'बियास' २००५ ला! 'त्रिशूल' २००३, 'मैसूर' १९९९. मग १९६१ ला लढलं कोण? पोरगा म्हणतो, आई, पुस्तकच चुकलंय. जाणकारांनी कृपया सांगा. आणि तेच तेच नाव पुन्हा देतात तरी का?

जुना दाबोळीकर
ताई, पुस्तक बरोबर आहे आणि तुम्हाला सापडलेल्या तारखाही बरोबर आहेत. नाव एक, जहाजं दोन. मी नौदलात विमानांच्या देखभालीला होतो, बराच काळ दाबोळीला 'हंसा' या नौदलाच्या विमानतळावर आणि मधून मधून 'विराट' या विमानवाहू नौकेवर. निवृत्तीनंतर वास्कोलाच राहिलो. दर डिसेंबरात मुक्तिलढ्याच्या मजकुराशेजारी कुठे ना कुठे क्षेपणास्त्रवाल्या नव्या 'बेतवा'चा फोटो लावलेला दिसतो आणि मला ते लागतं. त्या दिवशी त्या डेकवर उभ्या असलेल्या पोरांकडे ना क्षेपणास्त्र होतं ना हेलिकॉप्टर. तोफेला तोफ अशी ती लढाई होती. त्यांचं जहाज त्यांच्या नावावर राहायला हवं.

जुनी 'बेतवा' आणि जुनी 'बियास' दोन्ही इंग्लंडात बांधलेल्या, १९६० साली दाखल झालेल्या. म्हणजे १८ डिसेंबर १९६१ ला त्या जेमतेम वर्ष-दीड वर्षाच्या होत्या. समोरची 'आफोंसो' १९३०च्या दशकातली, तिच्यावर १२० मिलिमीटरच्या चार तोफा. आपल्या बाजूने नंतर 'कावेरी'ही सामील झाली. शेवटी 'आफोंसो' बांबोळीच्या बाजूला किनाऱ्यावर चढवली गेली. तुमच्या मुलाच्या पणजोबांनी दोना पावलाहून पाहिलं असेल ते हेच, तिथून मुरगाव बंदर अगदी समोर पडतं.

आता फोटोत ओळखायचं कसं. पुढे एक आणि मागे एक अशा ४.५ इंची जोडतोफा दिसल्या तर ती जुनी. मागच्या अंगाला हेलिकॉप्टर उतरायची मोकळी जागा आणि हँगर दिसला तर नवी. त्याहून सोपं म्हणजे जहाजाच्या बाजूवर रंगवलेला नंबर वाचा. जुन्या 'बेतवा'चा १३९, नवीचा ३९. जुन्या 'त्रिशूल'चा १४३, नवीचा ४३. 'तलवार' १४० होती, आता ४०. 'मैसूर'चा ६० तसाच राहिला, पुढचं अक्षर तेवढं बदललं, कारण आधीची क्रूझर होती आणि आताची विनाशिका आहे. 'विक्रांत'चा तर आर ११ अक्षरासकट तोच. हे नंबर असे आपोआप जुळत नाहीत. कुणीतरी जुनी यादी पुढ्यात घेऊन, आठवणीने ते दिलेत. मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप आहे.

एका वेळी एका नावाचं एकच जहाज असतं. आधीचं निवृत्त झालं की मगच ते नाव दुसऱ्याला मिळतं, आणि बांधकाम चालू असताना गोदीत जहाज ओळखलं जातं ते नंबराने. आपली 'मुरगाव' ही विनाशिका माझगाव गोदीत यार्ड १२७०५ होती.

मुलाला हेही सांगा: 'बेतवा', 'बियास', 'त्रिशूल', 'मैसूर', 'दिल्ली', 'विक्रांत' ही सहाही नावं १९६१च्या गोवा-दीवच्या मोहिमेत होती. त्यातलं एकही जहाज आज उरलेलं नाही. 'विक्रांत'सुद्धा इतकी वर्षं संग्रहालय म्हणून मुंबईत उभी राहून २०१४ साली भंगारात गेली. पण सहाही नावं आज पुन्हा नौदलात चालू आहेत.

पणजीचा वाचक
दाबोळीकर काकांनी आपली बाजू छान मांडली. पलीकडची थोडी मी सांगतो, कारण नावं पुन्हा देण्याची रीत पोर्तुगिजांकडेही तशीच आहे. मुरगावात लढलेली 'आफोंसो द आल्बुकेर्क' ही त्या नावाची पहिली नव्हे. १८८४ साली त्याच नावाची एक कॉर्वेट, म्हणजे छोटी युद्धनौका, होती. 'वास्को द गामा' तर किती तरी वेळा आलंय: १८७६ची लंडनला थेम्सवर बांधलेली चिलखती नौका, पुढे इंग्रजांकडून घेतलेली एक जुनी फ्रिगेट, आणि १९९१ पासून चालू असलेली आताची फ्रिगेट.

दीवला त्याच दिवशी त्यांची 'व्हेगा' ही छोटी गस्ती नौका आपल्या विमानांनी बुडवली. तिचा अधिकारी ऑलिव्हेरा ए कार्मु मारला गेला. पुढे पोर्तुगालने एका कॉर्वेटला त्याचं नाव दिलं. शत्रूचा असला तरी सांगण्यासारखा माणूस आहे.

आणखी एक. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानची 'गाझी' सगळ्यांना माहीत असते. पण १९७५ साली पाकिस्तानने एक पाणबुडी विकत घेतली आणि तिला पुन्हा 'गाझी' हेच नाव दिलं. ती कुणाकडून घेतली? पोर्तुगालकडून. तिथे तिचं नाव 'काशालोत' होतं.

सावंतवाडीकर
माहिती उत्तम, पण मला हे पटत नाही. देशात नावांचा दुष्काळ आहे का? किती नद्या, किती किल्ले, किती गावं बाकी आहेत. नवीन जहाजाला जुनं नाव दिलं की शेवटी असाच गोंधळ होतो. त्यातून बुडालेल्या जहाजाचं नाव परत द्यायचं, हे तर मला अजिबात रुचत नाही.

जुना दाबोळीकर
सावंतवाडीकर, गावांची नावं येतायत हो. 'मुरगाव' पहिल्या सागरी चाचणीला निघाली ती मुद्दाम १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तीच्या साठाव्या वर्षी, आणि दाखल झाली १८ डिसेंबर २०२२ ला. इथे वास्कोत गोवा शिपयार्डात 'त्रिपुट' आणि 'तवस्या' पाण्यात उतरल्या त्याही नव्या 'त्रिशूल'च्याच घराण्यातल्या. किल्ल्यांचं म्हणाल तर वसईजवळच्या अर्नाळ्याचं नाव जून २०२५ मध्ये नव्या नौकेला मिळालं. आता तिथेही तेच: 'अर्नाळा' नावाची रशियन बनावटीची नौका १९९९ पर्यंत आपल्याकडे होतीच.

पण बुडालेल्या जहाजाच्या नावाबद्दल मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि हे जरा सविस्तर लिहितो.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात 'खुकरी'ला पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने टॉर्पेडो मारला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. दीव तेव्हा आपल्याच केंद्रशासित प्रदेशात होतं, गोवा-दमण-दीव एकत्र, म्हणजे ते आपल्या दारातच झालं. आता विचार करा, 'हे नाव अपशकुनी' म्हणून नौदलाने ते बाजूला टाकलं असतं तर? त्या १९४ जणांच्या घरच्यांना ते कसं वाटलं असतं? नौदलाने तसं केलं नाही. २३ ऑगस्ट १९८९ ला नवी 'खुकरी' दाखल झाली. आधीचीचा नंबर १४९, हिला ४९. बत्तीस वर्षं तिने सेवा केली, डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली, आणि तिला भंगारात न काढता दीवलाच नेऊन ठेवलंय. ज्या पाण्यात पहिली बुडाली त्याच पाण्याच्या काठी दुसरी उभी आहे. दीवला गेलात तर किल्ला बघून परतू नका, तिथे जा.

अमेरिकेत तर गोदीतल्या कामगारांनीच हे मागून घेतलं. मे १९४२ मध्ये विमानवाहू 'लेक्सिंग्टन' प्रवाळ समुद्रात बुडाली. ती ज्या गोदीत बांधली होती तिथे तेव्हा 'कॅबट' नावाच्या विमानवाहू नौकेचं काम चालू होतं. कामगारांनी अर्ज केला, हिचं नाव 'लेक्सिंग्टन' ठेवा. आणि ते बदललं. ज्यांच्या हातचं जहाज गेलं त्यांनाच ते नाव परत हवं होतं.

मी ज्या 'विराट'वर होतो ती मूळची ब्रिटिश 'हर्मिस'. तिच्याआधीची 'हर्मिस' एप्रिल १९४२ मध्ये श्रीलंकेजवळ बट्टिकलोआच्या समुद्रात जपानी विमानांनी बुडवली होती. नवीचं नाव तर आधी भलतंच ठरलं होतं, ते काढून हे दिलं. तीच पुढे १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची मुख्य नौका झाली आणि मग आपल्याकडे आली. आमची सी हॅरियर विमानं दाबोळीहून उडून तिच्यावर उतरायची. विकलेल्या जहाजाचं नाव मात्र बदलतं, ते नाव ज्याच्या त्याच्या नौदलाचं. जुनी 'दिल्ली' न्यूझीलंडकडे 'अकिलीस' म्हणून १९३९ ची मोठी लढाई लढून आली होती. तिचा तोफेचा एक बुरूज भारताने नंतर न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडला ठेवलाय.

फोंडेकरीण
काका, मनापासून आभार. सगळं मुलाला वाचून दाखवलं. तो आता 'बेतवा'चे दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावणार म्हणतो. खाली काय लिहायचं तेवढं सांगाल का? तक्त्यावर जागा थोडी आहे.

जुना दाबोळीकर
दोन्ही फोटो लावतोय हे फारच चांगलं. बाकी कुणी लावत नाही. जुन्याखाली एवढंच: 'बेतवा, एफ १३९, दाखल १९६०, मुरगावच्या लढाईत सहभागी.' नव्याखाली: 'बेतवा, एफ ३९, दाखल २००४, त्याच नावाची पुढची नौका.' वर्ष आणि नंबर लिहिला की पुढच्या वर्षी तक्ता बघणाऱ्या पोरांचा घोळ होणार नाही.

जागा उरली तर अंजदीव घालायला सांगा. 'त्रिशूल' आणि 'मैसूर' तिथे गेल्या होत्या आणि बेटावर उतरलेले आपले सात नौसैनिक तिथे मारले गेले. मुरगावच्या गडबडीत ते नेहमी राहून जातं. बोगमाळ्याकडे जाताना नौदलाचं विमान संग्रहालय लागतं, तिथेही मुलाला एकदा न्या. सी हॅरियर अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतं. आधी कळवलंत तर मी येतो, घर तिथून लांब नाही.