मदत हवी आहे: क्वार्टरबॅक मुलाचा राग

मुलगा टेक्सासमध्ये हायस्कूलला अमेरिकन फुटबॉल खेळतो, यंदा प्रथमच क्वार्टरबॅक (संघाचा हल्ला चालवणारा, बॉल फेकणारा खेळाडू). त्याच्या जोशानेच संघ पेटतो. पण इंटरसेप्शन झालं (त्याचा थ्रो प्रतिस्पर्ध्याने पकडला) की हेल्मेट आपटतो, पुढच्या वेळी बॉल हातात आला की सगळं एकाच थ्रोमध्ये भरून काढायला जातो. एकदा 15 यार्डांचा दंडही बसला. (2021मध्ये नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीनेही रागाने टॅब्लेट फेकला होता, हे मलाच ऐकवतो!)

साइडलाइनवर दीर्घ श्वास, आकडे मोजणं करून झालं. कोचने ‘गप्प राहा’ म्हटल्यावर तो इतका थंड पडला की हडलमध्ये (चाल ठरवायला जमलेल्या खेळाडूंच्या घोळक्यात) आवाजच फुटेना. सीझन संपेपर्यंत स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट शक्य नाही.

सॅकनंतर (थ्रो करण्याआधीच त्याला पाडलं की) पुढच्या स्नॅपपर्यंत, म्हणजे पुढची चाल सुरू होईपर्यंत, जेमतेम 40 सेकंद मिळतात. तेवढ्यात राग उतरेल पण धग राहील, असं त्याने नेमकं काय करावं?