मदत हवी आहे: बाकदार पत्र्यावर उघडणारी खिडकी कशी बसवावी?

फोर्स ट्रॅव्हलरच्या डिलिव्हरी व्हॅनला दुहेरी अ‍ॅक्रिलिकची, खालून बाहेर उघडणारी 900 × 500 मिमी खिडकी बसवायची आहे. आतली आणि बाहेरची चौकट स्क्रूने एकमेकींवर आवळली जाते. मध्ये 26 मिमी भिंत लागते. पत्रा जेमतेम 1 मिमी, म्हणून आतून 25 मिमी मरीन प्लायची चौकट.

घोडं अडलंय ते पत्र्याच्या बाकावर. सरळपट्टी उभी धरली की मधोमध टेकते, वर-खाली 4-4 मिमी फट राहते. स्क्रू आवळून फट मिटवली तर चौकट पिळवटते, पल्ला रबरावर सारखा बसत नाही आणि कोपऱ्यातून पाणी झिरपतं.

मग पत्राच क्लॅम्पने ओढून सपाट प्लायला चिकटवावा का? आजूबाजूला फुगवटा येईल अशी धास्ती आहे. की बाहेरून बाकाच्या मापाची अ‍ॅडॅप्टर फ्रेम करावी? नुसत्या ब्यूटाइल पट्टीने (फटी बुजवायची मऊ, चिकट रबरी पट्टी) 4 मिमी भरणं मला पटत नाही, उन्हात ती ओघळते. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे घट्ट चिकटवणारा लेप, तर नकोच, उद्या खिडकी काढायची झाली तर सुटणार नाही.

कापण्याची चिंता नाही: कोपऱ्यांत 10 मिमी भोकं, जिगसॉला बारीक दातांचं ब्लेड, कडेला लगेच झिंक प्रायमर. पण मधली उभी रिब, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणारी पट्टी, कापावी लागेल. तिथे आडवा चौकोनी पाइप वेल्ड करावा, की प्लायची चौकट पुरेल?